तीन रात्री फ्लॉरेन्स: आधी सोमवार सोडवा

विचारणा थोडक्यात अशी आहे. मेच्या शेवटी पाच जण, म्हणजे नवरा-बायको, बारा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे, रोम आणि व्हेनिसच्या मधे तीन रात्री फ्लॉरेन्सला राहणार आहेत. रविवारी दुपारी पोचणार, बुधवारी दुपारी निघणार. बेत असा: सोमवारी उफिझी हे चित्रसंग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा, मंगळवारी पिसा आणि सिएना, बुधवारी सकाळी कॅथेड्रलचा घुमट. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि सगळे शाकाहारी आहेत. यात काही बदलावं का?

बदलावं लागेल, कारण सोमवारी उफिझी बंद असते. डेव्हिड ज्या आकादेमिया गॅलरीत आहे, तीही सोमवारी बंद. म्हणजे तुमच्या बेतातला सगळ्यात मोठा दिवस बंद दारांसमोर जायचा. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. इटलीत मंडळी घेऊन जायला लागलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी मी बावीस माणसं सोमवारी सकाळी सव्वाआठला उफिझीच्या अंगणात उभी केली होती. एका आजोबांनी दारावरचा फलक वाचला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की आजही कुठलाही बेत हातात आला की मी आधी वार तपासतो.

तुमचेच दिवस फिरवून बसवू. एक नियम पाळा: दिवसाला एकच मोठी गोष्ट, तीही सकाळी. फ्लॉरेन्सचा जुना भाग इतका आटोपशीर आहे की स्टेशनपासून सांता क्रोचे चर्चपर्यंत चालत अर्धा तास पुरतो. त्यामुळे लोकांना वाटतं, सगळं हाकेच्या अंतरावर आहे तर एका दिवसात चार ठिकाणं उरकू. दमवतं ते अंतर नाही. दगडी फरशीवर उभं राहणं दमवतं. गुडघ्यांना चालण्यापेक्षा संग्रहालयात दोन तास उभं राहणं जास्त जड जातं.

रविवार: दुपारी रोमहून वेगवान गाडीनं साधारण दीड तासात पोचाल. फलकावर शहराचं नाव 'फिरेंझे' असं दिसेल, आणि उतरायचं ते 'सांता मारिया नोव्हेला' स्टेशनावर. त्याच शहरात काम्पो दि मार्ते आणि रिफ्रेदी अशी आणखी स्टेशनं आहेत, तिथं उतरलात तर सामान ओढत बसाल. या दिवशी एकही तिकीट काढू नका. खोलीत सामान टाका, सासूबाईंना तासभर पडू द्या आणि सहाच्या सुमारास बाहेर पडा. कॅथेड्रल बाहेरून बघा, तिथून सिन्योरिया चौक, मग पोन्ते वेक्क्यो पूल. मेच्या शेवटी पावणेनऊपर्यंत उजेड असतो.

या पुलाची गोष्ट मुलीला सांगा. १३४५ सालचा पूल, आणि त्यावरची दुकानं आधी खाटकांची होती. १५९३ मध्ये फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या फेर्दिनान्दोनं दुर्गंधीला वैतागून त्यांना हटवलं आणि सोनारांना जागा दिली. आज दोन्ही बाजूंना सोन्याचीच दुकानं आहेत. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्यानं शहरातले बाकीचे पूल उडवले, हा एक सोडला. दुकानांच्या डोक्यावरून खिडक्यांची जी ओळ जाते ती वसारी या वास्तुकाराची मार्गिका. १५६५ मध्ये बांधलेली, मेदिचींना रस्त्यावरच्या गर्दीत न मिसळता कचेरीतून राजवाड्यात जाता यावं म्हणून. तिचं वेगळं तिकीट निघतं. तुम्ही ते घेऊ नका, पुलावरून वर बघणं पुरे.

सोमवार: हा कॅथेड्रलचा दिवस. इथं घराचे दोन गट करा. घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि चढायला लागलं की मधेच माघारी फिरणं अवघड. जिना अरुंद आहे आणि मागून माणसं येतच असतात. सासू-सासऱ्यांनी त्यात पडू नये. तुम्ही दोघं आणि मुलगी मात्र नक्की जा. घुमटाला वेळेचं आरक्षण लागतं आणि मेमध्ये ते बरंच आधी संपतं, म्हणून सगळ्यात आधी काढायचं तिकीट हे. 'ब्रुनेलेस्की पास' असं त्याचं नाव. तो तीन दिवस चालतो आणि त्यात घुमट, जोत्तोचा मनोरा, बाप्तिस्मागृह आणि संग्रहालय येतं. मनोऱ्याला आणखी ४१४ पायऱ्या आहेत. पास आहे म्हणून तोही चढायचा, असं काही नाही.

या चढणीत खरी मजा वरच्या देखाव्याची नाही, जिन्याची आहे. ब्रुनेलेस्की मुळात सोनारकाम शिकलेला माणूस. साधारण पंचेचाळीस मीटर रुंदीचं भगदाड कॅथेड्रलच्या डोक्यावर कित्येक वर्षं उघडं पडलेलं होतं, कारण एवढ्या कमानीला खालून टेकू द्यायला लाकूड आणायचं कुठून, हा प्रश्न होता. त्यानं १४२० ते १४३६ मध्ये टेकूशिवाय घुमट उभा केला. एकात एक अशी दोन कवचं केली, आणि विटा नुसत्या आडव्या न लावता मधे मधे उभ्या, माशाच्या काट्यासारख्या गुंफल्या, म्हणजे चुना सुकेपर्यंत घसरायला नकोत. तुम्ही चढता ते या दोन कवचांच्या मधल्या पोकळीतून. वर जाता जाता भिंत तुमच्या अंगावर कलायला लागते, मग डोकं वाकवावं लागतं, आणि शेवटी शेवटी तर घुमटाच्या पाठीवरूनच चाललोय हे पायाला कळतं. वाटेत एका सज्जावरून आतली 'अंतिम निवाड्या'ची चित्रं हाताच्या अंतरावर येतात. खालून जी नाजूक दिसतात ती जवळून भिंत रंगवल्यासारखी ढोबळ आहेत. बारा वर्षांच्या मुलीला हे कुठल्याही संग्रहालयापेक्षा जास्त लक्षात राहील.

त्या दीड तासात सासू-सासरे मागच्या बाजूच्या कॅथेड्रल संग्रहालयात बसतील. मी मुद्दाम 'बसतील' म्हटलं. लिफ्ट आहे, बाकं आहेत आणि गर्दी कमी. बाप्तिस्मागृहाच्या ज्या सोनेरी दारांसमोर बाहेर सगळे फोटो काढतात ती नक्कल आहे. गिबेर्ती या शिल्पकाराची मूळ दारं या संग्रहालयात आहेत. मायकेलअँजेलोनं म्हातारपणी घडवायला घेतलेली आणि स्वतःच फोडलेली 'पिएता', म्हणजे मृत ख्रिस्ताला सावरणाऱ्या मरियेचं शिल्प, इथंच आहे. सत्तरीच्या माणसांना ती डेव्हिडपेक्षा जवळची वाटते, असं मी पाहत आलोय. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे सगळ्यांनी घाला, कॅथेड्रलमध्ये त्याशिवाय सोडत नाहीत. खाली उतरल्यावर मुलीला एक शोध द्या. १६०० च्या सुमारास विजेनं घुमटावरचा तांब्याचा गोळा पडला, तो जिथं आदळला तिथं कॅथेड्रलच्या मागच्या फरसबंदीत संगमरवराची गोल तबकडी बसवली आहे. शेकडो लोक रोज तिच्यावरून चालत जातात.

दुपारी विश्रांती. संध्याकाळी सांता क्रोचे चर्चच्या चौकात या. आत जायचं असेल तर बंद व्हायची वेळ आधी बघून ठेवा. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, माकियावेल्ली यांची थडगी तिथं आहेत. कवी दान्तेचंही एक भव्य थडगं आहे, पण ते रिकामं. या शहरानं त्याला हाकललं, तो राव्हेन्नाला वारला आणि राव्हेन्नानं त्याला कधी परत दिलं नाही.

मंगळवार: उफिझी. पहिली वेळ, सकाळी सव्वाआठची घ्या. 'उफिझी' म्हणजे शब्दशः कचेऱ्या. कोसिमो मेदिचीच्या कारभारासाठी वसारीनं १५६० मध्ये ही इमारत सुरू केली. मुख्य दालनं सगळ्यात वरच्या मजल्यावर आहेत आणि जिना मोठा आहे. दारातच गुडघ्यांचं सांगा, लिफ्ट दाखवतात. लाजू नका, एका काकूंनी 'चढते हळूहळू' म्हणत जिना चढला आणि बोत्तिचेल्लीपर्यंत पोचायच्या आतच त्या बाकावर बसल्या त्या उठल्याच नाहीत.

सगळं बघायचा प्रयत्न केलात तर दुपारी दोनला फक्त सोनेरी चौकटी आठवतील. मी माझ्या लोकांना चार थांबे देतो. पहिला, सुरुवातीचं दालन, जिथं चिमाबुए, दुच्च्यो आणि जोत्तो यांच्या तीन मोठ्या मरिया एकत्र आहेत. तिन्हींत आई आणि मूल, पण जोत्तोच्या मरियेला अंगाखांद्याचं वजन आहे, ती खरोखर आसनावर बसली आहे. हे एकदा दिसलं की पुढची दोनशे वर्षांची चित्रकला आपोआप उलगडते. दुसरा, बोत्तिचेल्ली: 'व्हीनसचा जन्म' आणि 'वसंत'. तिसरा, लिओनार्दोची 'उद्घोषणा' आणि मायकेलअँजेलोचं गोल चित्र. चौथा, खालच्या मजल्यावर काराव्हाज्योची मेदुसा, केसांच्या जागी साप असलेली, ती मुलीसाठी. मधे दक्षिणेकडच्या टोकाला खिडकीतून आर्नो नदी आणि पूल दिसतो, तिथं पाच मिनिटं घालवा. गच्चीवर कॅफे आहे, तो महाग आहे, पण सासूबाईंसाठी खुर्चीचं भाडं समजून द्या.

हे सगळं फ्लॉरेन्समध्ये राहिलं कसं, याला एक बाई कारण आहे. मेदिची घराण्याची शेवटची वारस आना मारिया लुइझा हिनं १७३७ मध्ये नव्या राज्यकर्त्यांशी करार करून घेतला, की घराण्याच्या संग्रहातली एकही वस्तू शहराबाहेर जाणार नाही. घराणं संपलं, चित्रं राहिली.

आता पिसा आणि सिएना. सिएना काढून टाका. ते डोंगरावरचं गाव आहे, सगळे रस्ते चढ-उताराचे, आणि तिथं संध्याकाळ न घालवता परत येणं म्हणजे गेल्यासारखंच नाही. पिसाचं मात्र मी समजू शकतो. आपल्याकडच्या ज्येष्ठांना इटली म्हणजे कलता मनोरा, तो न बघता परत आलं तर सोसायटीत उत्तरं द्यावी लागतात. मंगळवारी दुपारी जेवून, थोडं पडून, तीनच्या सुमाराच्या प्रादेशिक गाडीनं निघा. तासाभराचा प्रवास. या गाडीचं भाडं ठरलेलं असतं, आधी काढून स्वस्त मिळत नाही. कागदी तिकीट घेतलंत तर फलाटावरच्या यंत्रात छाप मारूनच चढा, नाहीतर तिकीट असून दंड होतो. पिसा स्टेशनवरून मनोऱ्यापर्यंत पंचवीस मिनिटं चालावं लागतं, तुम्ही टॅक्सी करा. मनोरा ११७३ ला सुरू झाला आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो न येतो तोच कलायला लागला. वर चढायला अडीचशेच्या वर पायऱ्या आहेत. आदल्या दिवशी घुमट चढलेल्यांनी तो हट्ट धरू नये. हिरवळीवर बसा, हातानं मनोरा सावरतानाचे फोटो काढा, आठपर्यंत परत या. उफिझीतून बाहेर पडल्यावर पाय उचलत नसतील तर पिसाही सोडा. कुणी रडणार नाही, मी हे करून पाहिलंय.

बुधवार: सकाळची आकादेमिया. सामान हॉटेलातच ठेवून जा, गॅलरीत मोठ्या पिशव्या घेत नाहीत आणि ठेवायची सोयही नाही. अर्धा-पाऊण तास पुरतो. डेव्हिड १५०१ ते १५०४ मध्ये घडला, पाच मीटरच्या वर उंच. आधीच्या शिल्पकारांनी सुरू करून टाकून दिलेल्या दगडातून तो काढलाय. १८७३ पर्यंत तो सिन्योरिया चौकात पावसात उभा होता, आज तिथं आहे ती १९१० ची प्रतिकृती. सगळे समोरून फोटो काढतात. तुम्ही त्याच्या डाव्या बाजूला जाऊन चेहरा बघा. समोरून शांत दिसणारा मुलगा तिथून घाबरलेला, कपाळाला आठी घातलेला दिसतो. उजवा हात बाकी अंगाच्या मानानं मोठा आहे, हेही बघा. त्याच्याकडे जाणाऱ्या दालनात मायकेलअँजेलोचेच 'बंदी', म्हणजे दगडात अर्धवट अडकलेले कैद्यांचे पुतळे आहेत. छिन्नीच्या रेघा स्पष्ट दिसतात. मला स्वतःला डेव्हिडपेक्षा तेच जास्त ओढतात.

तिकिटांचं एकदाच सांगतो. संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. तसंच नाव आणि तसाच चेहरा असलेली दलालांची पानं शोधात वर येतात आणि दुप्पट पैसे घेतात. नाव पासपोर्टाप्रमाणे टाका. सरकारी संग्रहालयांत अठराखालच्यांना प्रवेश मोफत असतो, त्यामुळे उफिझी आणि आकादेमियात मुलीचं पूर्ण तिकीट काढू नका, मात्र तिची वेळ आरक्षित करा आणि वयाचा पुरावा जवळ ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी ही संग्रहालयं सगळ्यांना फुकट असतात, पण तो मोह धरू नका, रांगेतच दिवस जातो.

राहण्याची जागा कॅथेड्रल आणि सांता क्रोचे यांच्या मधे घ्या. एकच प्रश्न लेखी विचारा: लिफ्ट रस्त्यापासून आहे का? जुन्या वाड्यांत लिफ्ट पहिल्या मजल्यापासून सुरू होते, आणि तो पहिला मजला आपल्या दोन मजल्यांइतका उंच असतो. शहराचा निवासकर माणशी, दर रात्री, वेगळा भरावा लागतो. रोख सुटे ठेवा. गाडी भाड्यानं घेऊन शहरात शिरू नका. जुन्या भागात परवान्याशिवाय वाहन नेलं की कॅमेरा टिपतो आणि दंड काही महिन्यांनी थेट घरी येतो. टॅक्सी रस्त्यात हात करून थांबत नाही, ठरलेल्या थांब्यावरून किंवा फोन करून घ्यावी लागते.

शाकाहाराची काळजी अर्धी खरी, अर्धी खोटी. पोट भरेल, पण विचारून खा. रिबोल्लिता हे शिळा पाव, कोबीची पानं आणि पांढरा वाल घालून केलेलं दाट सार, आणि पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पाव. दोन्ही गरिबाघरचे पदार्थ, आपल्या फोडणीच्या पोळीच्या जातीचे, सासूबाईंना आवडतील. मात्र त्यात मांसाचं पाणी घातलंय का ते विचारा: 'ब्रोदो दि कार्ने?' एवढं म्हटलं तरी कळतं. इटलीतल्या मुरवलेल्या चीजमध्ये बहुधा वासराच्या जठरातलं विरजण असतं, पार्मिजानोत तर नक्कीच. कडक पाळत असाल तर पास्त्यावर चीज नको म्हणून सांगा. चौकातल्या गाड्यावर 'लाम्प्रेदोत्तो' लिहिलेलं असेल तिथून पुढे व्हा, ते गाईचं जठर आहे. पाव अळणी लागेल. ती चूक नाही, तस्कनीत, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतात, पावात मीठ घालतच नाहीत. रात्रीच्या जेवणाला खानावळ साडेसातच्या आत उघडत नाही, म्हणून सासऱ्यांच्या पिशवीत चिवडा असू द्या. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी थोडे पैसे लागतात, ती फसवणूक नाही. कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलात की दर वेगळा. आइस्क्रीम डोंगरासारखं फुगवून, भडक रंगात ठेवलेलं असेल तर पुढे चला. पिस्त्याचं जेलातो मळकट हिरवं असतं, पोपटी नाही.

पाकीट सांभाळा, विशेषतः स्टेशनवर आणि बारा-तेरा क्रमांकाच्या बसमध्ये, जी टेकडीवरच्या पियात्साले मिकेलान्जेलोला जाते. रस्त्यावर चित्रं पसरलेली असतात, पाय पडला की पैसे मागतात. नक्कल पर्स घेतलीत तर विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही दंड होतो.

आणखी एक जागा आहे जी मी प्रत्येक मराठी घराला सांगतो. शहराच्या पश्चिमेला नदीकाठी कास्चिने नावाची लांबच लांब बाग आहे. तिच्या अगदी टोकाला, जिथं मुन्योने ओढा आर्नोला मिळतो, तिथं एक छत्री आहे आणि छत्रीखाली फेटा घातलेल्या तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा. ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० मध्ये ते विलायतेला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला वारले. वय वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं आणि तिथं दहन ही ऐकिवातली गोष्ट नव्हती, पण खास परवानगी मिळाली आणि दोन प्रवाहांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथं स्मारक झालं. त्याची छत्री रचणारा मँट हाच पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा वास्तुकार. जवळच्या मोठ्या पुलाचं नाव आजही 'पोन्ते आल्लिन्दियानो', म्हणजे त्या हिंदी माणसाचा पूल.

ट्राम बागेच्या अलीकडच्या टोकाला सोडते आणि तिथून पुतळ्यापर्यंत तीन किलोमीटर चालावं लागतं, म्हणून टॅक्सीनंच जा आणि तिला थांबायला सांगा. सोमवारी संध्याकाळी सांता क्रोचेऐवजी हे करता येईल. तिथं कुणीही नसतं. एकदा गारगोटीचे एक आजोबा माझ्याबरोबर होते, त्यांनी गवतात चपला काढल्या, थोडा वेळ उभे राहिले आणि मग मला विचारलं, 'इथं नदीला पाणी बारमाही असतं का हो?'